एन्क्रिप्शनचं टूल तपासायचं तर ते कधी उघडत नाही ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात गफलत झाली असेल तर इथेच लक्षात येईल. तुम्ही टीई कॉम्प्युटरला आहात. मावशीचं नारायण पेठेत कर सल्लागाराचं ऑफिस आहे, हाताखाली दोन मुली काम करतात, आणि क्लायंटची पॅन कार्डं, आधारच्या प्रती, बँक स्टेटमेंटं पेनड्राइव्हवरून घर ते ऑफिस अशी फिरत असतात. म्हणून तुम्ही पायथनमध्ये एक कमांड लाइन टूल लिहिलंत. पासवर्ड कमांडमध्येच द्यायचा, त्याचा एसएचए-२५६ हॅश (पासवर्डवरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा) हीच किल्ली, फाइल एईएस-२५६ ने सीबीसी मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक ब्लॉक मागच्या ब्लॉकशी साखळीने जोडून, एन्क्रिप्ट होते, आयव्ही (त्या साखळीची सुरुवात करणारे यादृच्छिक बाइट) फाइलच्या तोंडाशी लिहिला जातो आणि मूळ फाइल पुसली जाते. वीसेक फाइली आत घालून बाहेर काढल्यात, सगळ्या जशाच्या तशा आल्या. चुकीचा पासवर्ड दिलात तेव्हा एरर आली. आता विचारताय की एवढं टेस्टिंग पुरे का, आणि ‘जीसीएम वापर, विषय संपला’ असं सिनियर म्हणतो ते बरोबर का. (जीसीएम म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला का हेही ओळखणारा मोड.)

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, अर्धं हो.

मी बरीच वर्षं बॅकअप सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये काढली आहेत, तेव्हा सुरुवात टेस्टपासून करतो. अल्गोरिदमकडे त्याच वाटेने जाता येईल. वीस फाइली जशाच्या तशा परत आल्या यावरून एवढंच कळतं की तुमच्या दोन फंक्शनचं एकमेकांशी पटतं. दोघांनी मिळून चूक केली तरी ते पटतच राहील. किल्लीच्या जागी बत्तीस शून्यं टाका, टेस्ट पास होईल. एन्क्रिप्ट न करता फाइल नुसती कॉपी करा, तरीही पास होईल. अशा टूलचं खरं काम नकार देण्याचं असतं, आणि नकाराची तुमच्याकडे एकच टेस्ट आहे. तीही डळमळीत आहे. कशी, ते दोन छोट्या प्रयोगांत बघा. दोन्ही आज रात्री करता येतील.

पहिला प्रयोग. एकच एन्क्रिप्ट केलेली फाइल घ्या आणि लूप लावून तिच्यावर हजार वेगवेगळे चुकीचे पासवर्ड चालवा. साधारण चार वेळा तुमचं टूल एरर न देता फाइल ‘उघडून’ देईल, आणि आत निव्वळ कचरा असेल. कारण असं की सीबीसीत पासवर्ड चुकलाय हे कळायची सोयच नाही. तुम्हाला जी एरर दिसली ती शेवटचा ब्लॉक भरून काढायला घातलेलं पॅडिंग जुळलं नाही याची होती. पॅडिंगचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे शेवटचा बाइट १ असणं. कचऱ्यातला शेवटचा बाइट योगायोगाने १ निघण्याची शक्यता २५६ मध्ये एक. बाकीचे प्रकार धरून ती किंचित वाढते. दहा वेळा करून बघणाऱ्याला हे बहुधा दिसणारच नाही. आणि तुमचं टूल यश मिळालं की एन्क्रिप्ट केलेली फाइल पुसत असेल, तर त्या चारांपैकी कुठल्याही वेळी क्लायंटचा कागद कायमचा गेला.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. एक सीएसव्ही फाइल करा, जिची सुरुवातच 100000 या रकमेने होते. एन्क्रिप्ट करा. मग पासवर्डला हात न लावता, आयव्हीच्या पहिल्याच बाइटमधला आठ किमतीचा बिट उलटा करा आणि फाइल उघडा. टूल काही कुरकुर न करता उघडेल, आणि रक्कम 900000 झालेली असेल. आस्कीत १ या अंकाचा कोड ४९ आणि ९ चा ५७, म्हणजे दोघांत फरक एकाच बिटाचा. सीबीसीत पहिला ब्लॉक उलगडल्यावर शेवटी त्याचा आयव्हीशी एक्सऑर होतो (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०), त्यामुळे आयव्हीतला बिट फिरवला की मजकुरातला तोच बिट फिरतो आणि बाकी फाइल जशीच्या तशी राहते. एका लाखाचे नऊ लाख झाले, आणि करणाऱ्याला तुमचा पासवर्ड माहीतही नव्हता. एईएसमध्ये काही खोट नाही. २००१ पासून ते अमेरिकी मानक आहे आणि ठणठणीत आहे. व्हायवात एक्स्टर्नल विचारतील की एईएस-२५६ चे राउंड किती, तर १४ सांगा आणि पुढे चला. घोडं पेंड खातं ते एईएस भोवतीच्या बांधणीत.

म्हणून सिनियरचं अर्धं बरोबर. जीसीएम किंवा त्याच जातीचं चाचा२०-पॉली१३०५ घेतलं की मजकूर गुप्त राहतो आणि शिवाय पडताळणीचा १६ बाइटचा एक टॅग मिळतो. एक बिट जरी बदलला तरी टॅग जुळत नाही. वरचे दोन्ही प्रयोग तिथे फसतात. मोड घरी बनवू नका, लायब्ररीतलाच घ्या. पायथनची क्रिप्टोग्राफी लायब्ररी चांगली आहे, लिबसोडियमही चांगली आहे. दोघींपैकी कोणती हे तुमच्या हाताला काय बसतं यावर सोडतो.

राहिलेलं अर्धं असं. क्रिप्टोग्राफी लायब्ररीतलं जीसीएमचं साधं फंक्शन अख्खी फाइल एकदम मेमरीत मागतं. पॅन कार्डाच्या स्कॅनला चालेल. पण ऑफिसचा वर्षभराचा झिप चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर बसणार नाही. मग माणूस स्ट्रीमिंगकडे वळतो, आणि तिथे आगीतून फुफाट्यात जायची सोय आहे. मजकूर तुकड्या-तुकड्याने बाहेर येतो आणि टॅग मात्र सगळ्यात शेवटी तपासला जातो. म्हणजे फाइलमध्ये कोणी ढवळाढवळ केली आहे हे कळेपर्यंत ती डिस्कवर लिहूनही झालेली असते. २०१८ मध्ये ईफेल नावाने गाजलेला ईमेलवरचा हल्ला याच वृत्तीवर पोसलेला होता. मेल प्रोग्रॅम पडताळणी न झालेला मजकूरही दाखवून मोकळे होत होते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे फाइलचे ठरावीक तुकडे करायचे, समजा ६४ केबीचे, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा टॅग द्यायचा. तुकडा पडताळल्याशिवाय त्यातला एक बाइटही बाहेर सोडायचा नाही. पण तुकडे केले की नवा प्रश्न येतो. प्रत्येक तुकडा खरा असला तरी कोणी त्यांची अदलाबदल केली, मधला काढून टाकला, किंवा शेवटचे दहा कापले तर? म्हणून नॉन्समध्ये (एका किल्लीखाली एकदाच वापरायचा आकडा) तुकड्याचा क्रमांक घालायचा आणि ‘हा शेवटचा’ अशी खूणही घालायची. एज नावाचं जे मुक्त टूल आहे त्यात असंच आहे: १२ बाइटच्या नॉन्सपैकी ११ बाइट क्रमांकाला, एक बाइट शेवटच्या तुकड्याच्या खुणेला. ही कल्पना तुमच्या प्रोजेक्टमध्ये उचला. त्यात कमीपणा काही नाही.

आता नॉन्स. एकाच किल्लीखाली एकच नॉन्स दोनदा वापरला की जीसीएमचं सगळंच ढासळतं. दोन मजकुरांचा एक्सऑर उघडा पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटे टॅग बनवण्याची वाट मोकळी होते. तुम्ही किल्ली थेट पासवर्डवरून काढता, म्हणजे एका पासवर्डच्या सगळ्या फाइलींना एकच किल्ली. तीवर क्रमांकाचे नॉन्स शून्यापासून सुरू केलेत तर दुसऱ्याच फाइलला घात. प्रत्येक फाइलसाठी १६ बाइटचं यादृच्छिक सॉल्ट घ्या, पासवर्ड आणि सॉल्ट मिळून त्या फाइलपुरती किल्ली काढा, मग क्रमांक शून्यापासून सुरू झाला तरी बिघडत नाही. टेस्टही सोपी आहे: तीच फाइल त्याच पासवर्डने दोनदा एन्क्रिप्ट करा, दोन्ही निकाल वेगळे आलेच पाहिजेत. सॉल्टसाठी ऑपरेटिंग सिस्टिमचाच यादृच्छिक स्रोत वापरा, पायथनचं रँडम मोड्यूल नको. डेबियन लिनक्समध्ये २००६ ते २००८ या काळात ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीतल्या एका बदलामुळे यादृच्छिकता इतकी आटली होती की एका प्रकारच्या जेमतेम ३२,७६८ किल्ल्या निघू शकत होत्या. एन्क्रिप्ट करून परत उघडायच्या टेस्टा तेव्हाही पासच होत होत्या.

पासवर्डवरून किल्ली काढण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या मावशीच्या ऑफिसात खरा धोका इथे आहे. आपल्याकडे या क्षेत्रातल्या लोकांना पासवर्डची एक सवय जडलेली असते. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष, एआयएसच्या (कर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाच्या) पीडीएफला पॅन आणि जन्मतारीख. तुमच्या टूललाही त्या मुली असलेच पासवर्ड देणार, लिहून ठेवा. चार अक्षरांच्या सगळ्या जुळण्या होतात ४,५६,९७६. शंभर वर्षं धरली तर साडेचार कोटींच्या थोडं वर. चांगलं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एसएचए-२५६ काढतं. म्हणजे पेनड्राइव्ह पीएमपीच्या बसमध्ये राहिला आणि भलत्याच्या हातात पडला, तर तुमची किल्ली डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडते.

इथे मुद्दाम संथ असणारं फंक्शन लागतं. आर्गॉन२ हे २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेचं विजेतं. त्याचा आर्गॉन२आयडी हा प्रकार घ्या. २०२१ च्या आरएफसी ९१०६ या तांत्रिक दस्तऐवजात दोन शिफारशी आहेत, एक २ जीबी मेमरीची आणि दुसरी, मेमरी कमी असेल तर, ६४ एमबीची, तीन फेऱ्या आणि चार समांतर लेनसह. ऑफिसातली मशीनं बघता दुसरीच घ्या. जादा लायब्ररी बसवायची नसेल तर पायथनच्या हॅशलिबमधलं एसक्रिप्टही चालेल. पण याने कमजोर पासवर्ड तगडा होतो असं समजू नका. एका अंदाजाला पाव सेकंद धरला तर वरच्या साडेचार कोटींना एका मशीनवर चार महिन्यांहून अधिक लागतात. मशीनं वाढवली की तेवढा काळ घटतो. आणि क्लायंटचं नाव माहीत असणाऱ्याला तर शंभरच वर्षं तपासायची आहेत, तो अर्ध्या मिनिटात मोकळा. म्हणून टूलनेच पासवर्ड सुचवावा, चार-पाच असंबद्ध शब्द यादृच्छिक निवडून. एजमध्ये पासवर्ड रिकामा सोडला की ते स्वतःच शब्दांचा एक पासवर्ड बनवून देतं.

पासवर्डबद्दलच अजून एक, जे इंग्रजीतल्या ट्यूटोरियलमध्ये तुम्हाला मिळणार नाही. कोणीतरी मराठीत पासवर्ड ठेवणार. समजा ‘पर्वतीच्या पायऱ्या’ असा ठेवला. (असला ओळखीचा ठेवू नयेच, पण उदाहरणाला बरा आहे.) पायऱ्यांमधला ऱ्य युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट तिन्हींचे वेगळे. घरच्या लॅपटॉपवर एका कीबोर्डने दिलेला पासवर्ड ऑफिसात दुसऱ्या कीबोर्डवर चालणार नाही, आणि माणूस शपथेवर सांगेल की मी तोच टाकतोय. किल्ली काढण्याआधी पासवर्ड युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणा. पहिल्या दोन तऱ्हा त्याने एक होतात. तिसरी होत नाही, कारण जॉइनर तसाच राहतो, म्हणून ‘र, हलन्त, जॉइनर’ दिसलं की ते ऱ आणि हलन्तात बदलण्याची एक ओळ स्वतः लिहावी लागेल. देवनागरी १ आणि इंग्रजी 1 हेही वेगळेच राहतात. त्यांना एक करायचं की नाही हे ठरवा, आणि एकदा ठरवलंत की पुढच्या आवृत्तीत बदलू नका. या सगळ्याची टेस्ट म्हणजे तिन्ही तऱ्हांनी लिहिलेल्या पासवर्डने एकच फाइल उघडली पाहिजे.

इथवरचं एका दमात: पडताळणी असलेला मोड, फाइलगणिक नवं सॉल्ट, संथ किल्ली, क्रमांक आणि शेवटाची खूण असलेले तुकडे. या सगळ्याची माहिती फाइलच्या हेडरमध्ये जाते: तुमच्या टूलची ओळख पटवणारे काही बाइट, आवृत्तीचा क्रमांक, आर्गॉनचे आकडे, सॉल्ट. हेडरवरही टॅग हवा, नाहीतर कोणीतरी आवृत्तीचा आकडा बदलून तुमच्या टूलला जुन्या, कच्च्या वाटेने नेईल. हेडरचा टॅग वेगळा ठेवल्याचा एक व्यवहारी फायदाही आहे. हेडर जुळलं नाही तर ‘पासवर्ड चुकला असावा’ असं सांगता येतं, आणि हेडर जुळून पुढचा तुकडा जुळला नाही तर ‘फाइल खराब झाली आहे’ असं. ऑफिसात हा फरक मोलाचा असतो. पहिल्यात माणूस पुन्हा टाइप करतो, दुसऱ्यात दुसरी प्रत शोधायला लागतो.

आता टेस्टा. आधी आकार: ० बाइट, १ बाइट, ६५,५३५, ६५,५३६, ६५,५३७, आणि तुकड्याच्या दुप्पट. यात ६५,५३६ हा खोडकर आहे. तुकडा नेमका भरला, मग तोच शेवटचा, की त्यामागे एक रिकामा तुकडा येणार? दोन्ही चालतात असं ठेवलंत तर एकाच मजकुराची दोन वैध रूपं तयार होतात. एजचा नियम स्वच्छ आहे: मूळ फाइलच रिकामी असेल तेव्हाच शेवटचा तुकडा रिकामा असू शकतो. निकालाचा आकारही तपासा. दहा एमबीच्या फाइलचे १६० तुकडे, प्रत्येकी १६ बाइट टॅग, म्हणजे हेडर सोडून नेमके २,५६० बाइट जादा. एक जरी कमी-जास्त आला तर कुठेतरी हिशेब चुकतोय.

मग बिट उलटण्याची टेस्ट. एन्क्रिप्ट झालेली तीनशे बाइटची छोटी फाइल घ्या, तिचा प्रत्येक बिट एकेक करून उलटा करा, म्हणजे २,४०० बिघडलेल्या फाइली, आणि सगळ्यांना नकार मिळालाच पाहिजे. ही टेस्ट पहिल्यांदा चालवली की बहुतेकांचं टूल हेडरमध्येच आडवं होतं. आर्गॉनची मेमरी चार बाइटच्या आकड्यात केबीमध्ये लिहिलेली असेल, तर त्याचा सर्वांत वरचा बिट उलटला की टूल दोन टीबी मेमरी मागायला जातं आणि मशीन गोठतं. म्हणजे किल्ली काढण्याआधीच आकड्यांना कमाल मर्यादा हवी, कारण तोवर हेडरवर विश्वास ठेवायला काहीच आधार नसतो. दुसरी अडचण वेळेची. दर वेळी ६४ एमबीचा आर्गॉन चालवलात तर टेस्ट संपेपर्यंत दोन चहा होतील. टेस्टमध्ये किमान मेमरीचे आकडे वापरा, पण ते आतल्या फंक्शनला द्या. कमांड लाइनवर तसा पर्याय ठेवू नका. ठेवलात तर ‘फास्ट’ म्हणून कोणीतरी तोच वापरायला लागेल.

तुकड्यांची मोडतोड हाताने लिहा. तीन तुकड्यांची फाइल घेऊन पहिला-दुसरा अदलाबदल, मधला गायब, शेवटचा गायब, एक तुकडा दोनदा, त्याच पासवर्डच्या दुसऱ्या फाइलमधला तुकडा इथे चिकटवलेला, शेवटी फालतू बाइट जोडलेले. शेवटचा तुकडा गायब करण्याची टेस्ट सर्वांत महत्त्वाची, कारण हे शत्रूशिवायही घडतं. मी पूर्वी जिथे होतो तिथे एका टूलने अर्धवट कॉपी झालेला बॅकअप ‘यशस्वी’ म्हणून परत दिला होता, आणि शेवटची फोल्डरं नाहीत हे क्लायंटच्या लक्षात येईपर्यंत मूळ मशीन फॉरमॅट झालं होतं. पेनड्राइव्ह इजेक्ट न करता ओढून काढणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो.

या सगळ्या टेस्टांत एक गोष्ट हमखास राहून जाते. नकार मिळाला हे एरर आल्यावरून ठरवू नका. एररनंतर फोल्डरमध्ये काय उरलंय ते बघा. मजकूर असलेली एकही फाइल उरता कामा नये, अर्धवटसुद्धा. एक्झिट कोड शून्य नसावा, आणि एन्क्रिप्ट केलेली फाइल जागेवर, बाइट न बाइट तशीच असावी. माझ्या अनुभवात एन्क्रिप्शनच्या चुकांपेक्षा या साफसफाईच्या चुका जास्त सापडतात.

त्यासाठी लिहिण्याची पद्धत अशी ठेवा: निकाल त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायचा, एफसिंक करायचं (म्हणजे बाइट खरोखर डिस्कवर पोचवायचे), बंद करून पुन्हा उघडून पूर्ण पडताळायचा, आणि मगच ओएस मोड्यूलमधल्या रिप्लेसने खरं नाव द्यायचं. मध्येच वीज गेली तर तात्पुरती फाइल उरेल, पण खऱ्या नावाने अर्धी फाइल कधी दिसणार नाही. टेस्टमध्ये प्रोसेस मध्येच मारून टाका, लिनक्सवर एक एमबीचं टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती डिस्क) माउंट करून त्यावर पाच एमबी लिहायला लावा. विंडोजवर ती फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवून टूल चालवा, कारण ऑफिसात ती उघडीच असणार. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर चार जीबीच्या वर फाइल जात नाही, तिथेही टूलने मुकाट्याने नव्हे, ओरडून थांबलं पाहिजे.

मूळ फाइल आपोआप पुसणं काढून टाका. एसएसडी आणि पेनड्राइव्हवर जुन्या जागेवर शून्यं लिहिली तरी आतला कंट्रोलर ती दुसरीकडेच लिहू शकतो, त्यामुळे सुरक्षित पुसल्याचं वचन तुम्हाला पाळता येणार नाही. टूलमध्ये एक बग असला तर मात्र डेटा नक्की जाईल. पासवर्डही कमांडमध्ये नको. पॉवरशेल कमांडचा इतिहास एका साध्या फाइलमध्ये ठेवतं, आणि चालू प्रोसेसची अख्खी कमांड टास्क मॅनेजरमध्ये दिसते. पायथनचं गेटपास वापरून, टाइप केलेलं पडद्यावर न दाखवता विचारा, एन्क्रिप्ट करताना दोनदा विचारा.

लायब्ररीची टेस्ट तुम्ही करायची गरज नाही. आरएफसी ८४३९ (चाचा२०-पॉली१३०५ चा दस्तऐवज) मधला एखादा ठरलेला नमुना चालवून आपण नॉन्स, किल्ली आणि हेडर योग्य जागी देतोय एवढं बघा. त्याऐवजी तो वेळ दोन कामांना द्या. एक, प्रत्येक आवृत्तीने एन्क्रिप्ट केलेल्या चार-पाच फाइली पासवर्डसकट रिपॉझिटरीत कायमच्या ठेवा, आणि पुढची प्रत्येक आवृत्ती त्या उघडते का हे दर वेळी तपासा. कर खात्याची नोटीस काही वर्षांनी येते, तेव्हा तुम्ही बंगळुरूला नोकरीला असाल आणि मावशीला फाइल उघडायची असेल. दोन, फाइलचा फॉरमॅट एका पानावर लिहा, आणि वर्गातल्या मित्राला कोड न दाखवता फक्त त्या पानावरून गोमध्ये किंवा जावामध्ये डिक्रिप्ट करणारा प्रोग्रॅम लिहायला सांगा. त्याच्या प्रोग्रॅमने तुमची फाइल उघडली तर तुमच्या दोन फंक्शनचं संगनमत नाही हे पहिल्यांदा खात्रीने कळेल. तो ज्या ज्या ठिकाणी येऊन तुम्हाला प्रश्न विचारेल, तिथे पानावर काहीतरी सुटलेलं असेल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. हरवलेला पेनड्राइव्ह हा धोका असेल तर वरचं सगळं पुरेसं आहे. ऑफिसच्या मशीनमध्येच व्हायरस असेल आणि तो टाइप केलेली अक्षरं टिपत असेल, तर कुठलंही एन्क्रिप्शन टूल काही करू शकत नाही. आणि रोजच्या वापरात सर्वांत मोठी गळती असते ती काम झाल्यावर तशीच पडून राहिलेली उघडी फाइल. तिच्यासाठी अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणं बरं, विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आहेच.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो: ऑफिसला तूर्त तुमचं टूल देऊ नका. मावशींना टर्मिनल चालत असेल तर एज द्या. टर्मिनल बघून मुलींच्या कपाळाला आठ्या पडत असतील तर सेव्हन-झिप द्या, फाइलींची नावंही लपवण्याच्या पर्यायासकट. त्यात टॅगची पडताळणी नाही, नुसता सीआरसी (चुकून झालेला बिघाड ओळखणारा आकडा) असतो, पण पेनड्राइव्ह हरवण्यापुरतं चालून जाईल, पासवर्ड धड असला तर. तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला सांगा, कारण ‘फरगॉट पासवर्ड’ इथे नसतं. तुमचं टूल प्रोजेक्ट म्हणून पुढे न्या. वरच्या टेस्टांपैकी निम्म्या जरी लिहिल्यात तरी ते बहुतेक बीई प्रोजेक्टांहून दमदार होईल.

आधी हजार पासवर्डांचा लूप चालवा आणि किती उघडल्या ते कळवा. मग फॉरमॅटचं पान लिहा. कोडच्या आधी मला तेच वाचायला आवडेल.